व्यसन कोणाचे, प्रवचन कोणाला?

'मोबाईलचे व्यसन' हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्यात एक निवाडा दडलेला आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. संस्कृत सुभाषितकारांनी विद्येचे व्यसन हा थोरांचा गुण मानला. 'वाचनाचे व्यसन' असे आपण आजही कौतुकानेच म्हणतो. म्हणजे आपला आक्षेप आसक्तीवर नाही, तिच्या विषयावर आहे. शिवाय हा शब्द लावला जातो तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनाच. मध्यरात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर साहित्यचर्चा करणारा प्राध्यापक व्यसनी ठरत नाही; तो 'संपर्कात' असतो.

पालकमेळाव्यांतून जी प्रवचने झडतात त्यांचे मूळ या दुटप्पीपणात आहे. तास मोजा, पासवर्ड बदला, फोन काढून घ्या, हा त्यांचा सारांश. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हाच फोन आपण मुलांच्या हाती दिला. त्यालाच फळा, वही आणि हजेरीपट म्हटले. ऐपत नसलेल्या घरांनी त्यासाठी कर्जे काढली. शाळा उघडल्यावर त्याच मुलांना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि गृहपाठ मात्र आजही त्याच फोनवर पाठवतो. या विसंगतीबद्दल मेळाव्यातला वक्ता चकार शब्द काढीत नाही.

तास मोजण्याचा आग्रहही तपासून पाहिला पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठी सरसकट दोन तासांची मर्यादा सांगणे सोडले. झोप, व्यायाम, अभ्यास यांवर अतिक्रमण होते का हे पाहा. जेवणाच्या वेळी आणि झोपण्याच्या खोलीत पडदा नको. आणि हे नियम सर्व कुटुंबाने मिळून ठरवा, असा तिचा सल्ला आहे. 'सर्व कुटुंबाने' हे दोन शब्दच आपल्याकडे सोयीस्करपणे गाळले जातात.

ते सांगली जिल्ह्यातील एका गावाने गाळले नाहीत. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनीही पडद्याकडे पाहायचे नाही. प्रथम या कल्पनेची टिंगल झाली. पुढे आपल्यालाही मालिकांचे वेड आहे हे गावातील स्त्रियांनी सभेत मान्य केले आणि तिला बळ मिळाले. ही कबुली फार महत्त्वाची आहे. भोंगा सर्वांसाठी वाजतो म्हणूनच त्याला नैतिक अधिकार प्राप्त होतो. स्वतःचा फोन हातात धरून 'तुझा ठेव' म्हणणाऱ्या बापाजवळ तो अधिकार नसतो, आणि हे मुलाला पुरते ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल, कादंबरीवरही एके काळी असेच आक्षेप घेतले गेले होते. मग एवढा गहजब कशाला? हा युक्तिवादही आळशी आहे. कादंबरीला शेवटचे पान असते. २००६ मध्ये अझा रास्किन या अभियंत्याने न संपणाऱ्या पानाची रचना केली; पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वाचकाच्या डोळ्यांवर नजर ठेवून पुढचा मजकूर बदलणारी कादंबरी आजवर कोणी लिहिलेली नाही. अशा यंत्रणेपुढे चौदा वर्षांच्या मुलीला एकटीला उभे करून इच्छाशक्तीचे धडे देणे हा अन्याय आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. त्या उपायाविषयी मतभेद जरूर असावेत. पण तेथे दंडाची तरतूद कंपन्यांसाठी आहे, मुलांसाठी वा पालकांसाठी नाही, एवढे तरी आपण शिकावे.

आता साहित्याच्या अध्यापकांविषयी. 'फोन ठेव आणि पुस्तक घे' असे म्हणताना आपण पुस्तकाला शिक्षेच्या पंक्तीला बसवतो आणि मग वाचनसंस्कृती लोपली म्हणून परिसंवाद भरवतो. वास्तविक आपल्यापाशी अधिक उपयोगी अवजारे आहेत. निवेदक कोण, तो कोणाच्या वतीने बोलतो, काय गाळतो, ऐकणाऱ्याला कोठे नेऊ पाहतो, हे प्रश्न आपण कथेला विचारतो. ते तीस सेकंदांच्या रीलला का विचारू नयेत? मुलाशेजारी बसून, त्याला आवडलेले नीट पाहून, तुच्छतेचा सूर न लावता हे विचारता येते. पालकांनाही ही रीत शिकवता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही, वेळ लागतो.

नेमका तोच द्यायची आपली तयारी नाही. मुलांच्या पडद्याचे तास आपण काटेकोरपणे मोजतो. त्यांच्याशी बोलण्यात गेलेली मिनिटे मोजायला मात्र कोणी सांगितले की आपल्याला अपमान वाटतो.