दरोडे घातले, तेही लिहा

वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव बैठकीत निघाले की दोन सूर लागतात. एक म्हणतो, आद्य क्रांतिकारक! दुसरा हळूच म्हणतो, अहो, दरोडेच घातले ना शेवटी? मग पहिला चिडतो.

शेतकरी भावांनो, चिडायचे कारण नाही. दरोडे घातलेच. २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला घातला. फडक्यांनी आपली हकिगत आपल्या हाताने लिहून ठेवली होती, आणि तोच कागद सरकारने खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरला. ज्याने स्वतः लपवले नाही, ते आपण पोरांच्या पुस्तकात का लपवायचे?

पण लिहायचे तर मग सगळे लिहा. १८६५ ला अमेरिकेतली यादवी संपली आणि कापसाचे भाव कोसळले. तेजीत काढलेले कर्ज तसेच राहिले, वर सारा वाढला. कापूसवाल्याला हे उकलून सांगायला नको. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढले आणि जाळले. पुढच्याच साली पाऊस गेला. दुष्काळी कामावर गड्याला दिवसाची मजुरी किती? एक रत्तल धान्य आणि एक आणा. हा सर रिचर्ड टेंपल यांचा हिशेब. रत्तल म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही! लोक कामे सोडून निघून गेले. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेले फडके हे सारे पाहत होते.

अडचणीची गोष्ट पुढे आहे. फडक्यांबरोबर कुणबी फारसा उठला नाही. पुण्याचे शिकलेले, पैसेवाले तर आधीच बाजूला झाले. उठले ते रामोशी, आणि फडक्यांनी त्यांनाच लुटीचे लोभी म्हटले. उपाशी माणूस वाटा मागणार नाही तर काय मागणार? त्यांचा नाईक दौलतराव मे १८७९ मध्ये इंग्रजी फौजेशी लढताना मेला. त्याचे नाव किती भाषणांत येते?

कुणबी का उठला नाही? आम्हाला वाटते, त्याला सावकाराची तिजोरी नको होती, कागद हवा होता. तो त्याने चार वर्षे आधीच जाळून पाहिला होता आणि त्यापायी तुरुंगही पाहिला होता. फडक्यांना माणसे आणि हत्यारे जमवायला रोकड हवी होती. शत्रू एकच, मागणे वेगळे.

१८७९ सालीच डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार कोर्टाने तपासावा, कर्जापायी कुळाला तुरुंगात घालू नये, असे त्यात होते. तो दंग्यांनंतरच्या कमिशनमुळे आला की फडक्यांच्या धास्तीने, यावर पंडितांनी खुशाल भांडावे. दंगा, कमिशन, दुष्काळ, फडके, कायदा, एवढा क्रम तरी एका पानावर येऊ द्या.

फडके जुलै १८७९ मध्ये पकडले गेले, तापाने फणफणलेले. खटल्यात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा जन्मठेपेची, एडनला. तिथला तुरुंगही त्यांनी १८८० मध्ये फोडला, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. वय ३७.

या साऱ्याचे कागद लिहिले सरकारने आणि सावकाराने. कुळाचा त्यावर नुसता अंगठा आहे. ज्यांच्या पेटीत आज्या-पणज्याचे रोखे, गहाणखते असतील त्यांनी पुढल्या जिल्हा बैठकीला आणावीत. झेरॉक्स काढून लगेच परत देऊ.