ऋषी नव्हे, ऋणको

शास्त्रीय शोध हा एकांतात बसलेल्या एखाद्या प्रतिभावंताला झालेला साक्षात्कार होय, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात फार खोल रुजली आहे. चार्लस डार्विन १८४२ साली केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात जाऊन राहिला, बागेमागील वाळूच्या वाटेवर येरझारा घालीत चिंतन करीत राहिला आणि १८५९ साली ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ त्याने जगापुढे ठेवला, अशी कथा व्याख्यानांतून व पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. आपल्याला ती विशेष रुचते. कारण तपश्चर्या, एकांत आणि शेवटी वरप्राप्ती, हा साचा आपल्या ओळखीचा आहे. उलट बाजूस दुसरा एक पक्ष उभा आहे. तो म्हणतो, ‘कसला ऋषी? हा तर दुसऱ्याची कल्पना लांबविणारा चोर!’ या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीत मात्र पूर्ण एकमत आहे. ज्ञान ही एकाच माणसाची मालमत्ता असते, हे दोघेही गृहीत धरतात. प्रश्न एवढाच उरतो की, मालक कोण?

हे गृहीतच खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याचा पुरावा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील शास्त्रज्ञांच्या पत्रव्यवहारात आहे.

इंग्लंडात १८४० साली पेनीचे टपाल सुरू झाले. अर्धा औंस वजनाचे पत्र एका पेनीत देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात जाऊ लागले. पुढे दोनच वर्षांनी डार्विन डाऊनला गेला. त्याची प्रकृती नाजूक. प्रवास त्याला झेपत नसे. परंतु त्याच्या घरी रोज येणारे टपाल हेच त्याचे पर्यटन होते. त्याने लिहिलेली व त्यास आलेली मिळून सुमारे पंधरा हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांच्या प्रकाशनास १८८२ पर्यंतच्या आयुष्यासाठी तीस खंड लागले आणि पहिल्या खंडापासून अखेरच्या खंडापर्यंत १९८५ ते २०२३ इतका काळ गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. त्यांत सरदार आहेत, पाद्री आहेत, कबुतरे पाळणारे हौशी लोक आहेत, माळी आहेत, स्त्रिया आहेत. दोन हजार माणसांशी बोलणाऱ्यास एकांतवासी म्हणावयाचे काय?

ही पत्रे केवळ क्षेमकुशलाची नव्हती. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यास डार्विनने जानेवारी १८४४ मध्ये लिहिले की, प्राणिजाती अचल नाहीत असे आपणांस वाटू लागले आहे, आणि हे बोलून दाखविणे म्हणजे जणू खुनाची कबुली देणे होय. ग्रंथ निघावयास अजून पंधरा वर्षे होती. त्या पंधरा वर्षांत हूकरने शंका काढल्या, वनस्पतींच्या प्रसाराचे दाखले दिले, घाईची अनुमाने खोडून काढली. या दोघांमधील सुमारे चौदाशे पत्रे आज आहेत. ग्रंथ हे वाढलेले पान असेल, तर पत्रे हे त्यामागील पाकगृह होय. जेवणाऱ्याने पाकगृहाचा विसर पडू देणे ही कृतघ्नता आहे. मग पाकगृह नव्हतेच, असे म्हणणे याला काय म्हणावे?

जॉन स्कॉटचे उदाहरण घ्या. हा एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानातील एक माळी. डार्विनने १८६२ साली ऑर्किडांवर ग्रंथ लिहिला. त्यात ॲक्रोपेरा नावाच्या ऑर्किडाविषयी, ते झाड केवळ नर असावे, असे मत मांडले. त्याच वर्षी या अनोळखी माळ्याने पत्र धाडले की, आपल्या अनुभवात त्या झाडास फळ धरते. ज्याचे नाव युरोपभर गाजत होते त्याची चूक एका बागकामगाराने दाखविली. डार्विन संतापला नाही. त्याने आभार मानले, पुढील प्रयोग सुचविले, स्कॉटचे संशोधन विद्वत्सभेपुढे जावे म्हणून खटपट केली. तोच स्कॉट पुढे १८६४ साली हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात अधिकारपदावर काम करू लागला. आपल्याकडे गुरूची चूक शिष्याने दाखविली तर काय होते, हे वाचकांनी मनाशी ताडून पाहावे.

अमेरिकेतील एसा ग्रे हा श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ. सृष्टीच्या घडणीत ईश्वरी योजना आहे, असे तो मानी. डार्विनला तसे मानणे जमेना. हा वाद १८६० नंतर पत्रांतून चालू राहिला. एकानेही आपले मत सोडले नाही, आणि एकानेही मैत्री सोडली नाही. श्रद्धा आणि शास्त्र यांच्या भांडणाची वर्णने रंगवून सांगणाऱ्या दोन्हीकडच्या वक्त्यांनी ही पत्रे अवश्य वाचावीत.

आता चोरीचा आरोप. आल्फ्रेड वॉलेस हा मोलुक्का बेटांत प्राणी गोळा करीत हिंडणारा गरीब निसर्गशास्त्रज्ञ. त्यासही नैसर्गिक निवडीचे तत्त्व सुचले, आणि त्यावरील निबंध त्याने १८५८ साली तेरनाते बेटावरून डार्विनलाच धाडला. तो आपणांस आजच मिळाला, असे डार्विनने लायलला कळविले. ते पत्र जूनच्या अठराव्या तारखेचे मानले जाते. आक्षेपक म्हणतात की, त्याच बेटावरून निघालेले वॉलेसचे दुसरे एक पत्र जूनच्या आरंभीच इंग्लंडात पोहोचले होते. म्हणजे डार्विनने निबंध पंधरा दिवस दडवून ठेवला. याला उत्तर देणारे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. आगबोटींची वेळापत्रके तपासून त्यात असे दाखविले आहे की, निबंध त्यानंतरच्या बोटीने निघाला असावा, आणि मग त्याच्या आगमनाची तारीख डार्विनच्या सांगण्याशी जुळते. शिवाय डार्विनने आपल्या तत्त्वाची रूपरेषा सप्टेंबर १८५७ मध्येच ग्रे यास लिहून पाठविली होती. तेव्हा चोरीचा आरोप टिकत नाही.

पण दोष मुळीच घडला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीपुढे दोघांचे लेखन वाचले गेले. प्रथम डार्विनचे, शेवटी वॉलेसचे. हजारो मैलांवर असलेल्या वॉलेसची अनुमती कोणी घेतली नव्हती. त्याने पुढे तक्रार केली नाही. उलट १८८९ साली स्वतःच्या ग्रंथाला ‘डार्विनिझम’ असे नाव दिले. हा त्याचा मोठेपणा झाला. त्याने इतरांचे कर्तव्य फिटत नाही.

आणि हा संशय इतकी वर्षे जिवंत का राहिला? वॉलेसचे ते मूळ पत्र आज उपलब्ध नाही, म्हणून. डार्विन आलेली पत्रे तारेच्या आकड्यांत अडकवून ठेवी आणि आकडे भरले की जाळून टाकी. १८६२ पूर्वी त्यास आलेल्या पत्रांपैकी बहुतेक अशी गेली, हे त्याच्या मुलानेच लिहून ठेवले आहे. ज्या घरातील कागद जळतात, त्या घरात अफवा बिऱ्हाड करतात.

आता जे सांगावयाचे आहे ते आपल्या प्रांताशी जवळचे आहे. वॉल्टर इलियट हा कंपनीचा मुलकी अधिकारी. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात तो राणी चन्नम्मांचा कैदी झाला होता. धारवाडकडे त्याने अनेक वर्षे काढली आणि दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ साली प्रसिद्ध केली. याच इलियटला डार्विनने जानेवारी १८५६ मध्ये पत्र लिहून पाळीव कबुतरांची व कोंबड्यांची कातडी मागितली. ती मद्रासेहून गेली. ‘ऑरिजिन’च्या पहिल्याच प्रकरणात इलियटचे आभार आहेत. कबुतरांवरील एका जुन्या ग्रंथाचे भाषांतरही इलियटने पुरविले, आणि त्याचा कर्ता सय्यद मोहम्मद मुसारी याचे नाव डार्विनने १८६८ च्या ग्रंथात नोंदविले. मात्र ती कबुतरे कोणी धरली, कोणी सोलली, कोणी भरून बांधली, याचा त्या ग्रंथांत मागमूस नाही. धारवाडकडील दोन उंदरांची शास्त्रीय नावे पाहा. एकाचे कुलनाम ‘गोलुंडा’ कानडी नावावरून आले आणि त्यापुढे जोडले गेले इलियटचे नाव. दुसऱ्याचे ‘मेल्टाडा’ हे वडारांच्या बोलीतून आले. वडारांचा शब्द शास्त्रात अमर झाला. तो शब्द सांगणारा वडार मात्र निनावी राहिला.

हे टाळता येण्यासारखे नव्हते काय? वॉलेसने ते टाळून दाखविले. बचान बेटावर १८५८ साली मिळालेल्या स्वर्गपक्ष्याला शास्त्रात वॉलेसचे नाव आहे. परंतु तो पक्षी पहिल्याने आपल्यापुढे अली या मलायी सेवकाने आणून धरला, हे वॉलेसने स्वतः लिहून ठेवले. एका वाक्याची शाई, आणि ऋण फिटले.

याच इलियटने कर्नाटकातील शेकडो शिलालेखांच्या नकला करवून घेतल्या. असले लेख आपल्या देवळांत पाहा. त्यांत राजाचे नाव असते हे खरे. पण नंदादीपाला तेल देणाऱ्याचे, फुलबागेसाठी जमिनीचा तुकडा सोडणाऱ्याचे नावही दगडात कोरलेले असते. देवालय एकट्या राजाने उभारले, असे त्या दगडांनी कधी म्हटले नाही. तेलाच्या मापाची नोंद ठेवणारी ही दृष्टी ज्यांच्या वारशात आहे, त्यांनी ज्ञानाच्या बाबतीत मात्र ‘एकच ऋषी’ म्हणून टाळ्या वाजवाव्यात, हे त्यांना शोभत नाही.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. शाळांतून डार्विन शिकविताना हूकर, स्कॉट, ग्रे, वॉलेस आणि अली यांच्यासह शिकवा. आपल्या देवस्थानांचे, गावांचे, घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी, ज्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने वा भाविणीने माहिती सांगितली त्यांची नावे पहिल्या पानावर घालावीत; आणि माळ्यावरची जुनी पत्रे रद्दीत देण्यापूर्वी एकदा वाचावीत. ज्ञानाचा ठेवा कोणाचा, हा वाद मालकांनी घालावा. आपण ऋणको आहोत. आपले काम, ऋण कोणाचे ते लिहून ठेवण्याचे.