एएम टाकाऊ नव्हे!

विद्यार्थी मित्रांनो, ‘एएमपेक्षा एफएम श्रेष्ठ’ असे उत्तरपत्रिकेत लिहून तुम्ही गुण मिळवता. माझ्या मते हे विधान अर्धेच खरे आहे.

आवाज दूर धाडण्यासाठी तो उच्च कंपनसंख्येच्या वाहक लहरीवर चढवावा लागतो. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. आवाजाबरहुकूम एएममध्ये लहरीची उंची बदलते, तर एफएममध्ये कंपनसंख्या. आकाशात वीज कडाडली की तिचा उपद्रव मुख्यतः लहरीच्या उंचीला होतो. म्हणून एएमवर खरखर येते आणि एफएमवर गाणे स्वच्छ ऐकू येते. इथवर पुस्तक बरोबर आहे.

मग 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक नियंत्रण कक्षाशी आजही एएमवरच का बोलतात? जगभर एकच जुनी पद्धत रूढ आहे, हे एक कारण. दुसरे अधिक बोधप्रद आहे. समजा, दोन वैमानिक एकाच वेळी बोलू लागले. एफएम रेडिओ जोरदार लहर पकडतो व क्षीण लहर दाबून टाकतो; दुसऱ्याने हाक मारल्याचा पत्ताही लागत नाही. एएमवर मात्र दोन्ही आवाज मिसळतात, बहुधा शिट्टीही वाजते. नियंत्रक सावध होतो आणि पुन्हा विचारतो. खरखर सोसता येते. न ऐकलेली हाक जिवावर बेतू शकते.

तेव्हा कोणत्याही तंत्राला श्रेष्ठ म्हणण्यापूर्वी ‘कशासाठी?’ हे विचारा. गुण देताना आम्हा शिक्षकांनीही तेच विचारावे.