बाजारू कोणाला म्हणायचं?

गेल्या पावसाळ्यात किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर आम्ही घेतलं. विषय होता लैंगिकता आणि मोकळा संवाद. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळ्या पेंगायला लागल्या, तेव्हा मी एक गाणं लावलं. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाचं, १९९३ सालचं. दोन मिनिटांत सगळ्यांचे पाय ताल धरू लागले. गाणं संपलं, आणि जिच्याकडून मी गट बांधायला शिकले ती आमची ज्येष्ठ ताई शांतपणे म्हणाली, "चाल छान आहे गं. पण हे बाजारू आहे. आपल्या शिबिरात कशाला?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. ताईचं म्हणणं सगळंच चूक आहे असं मला आजही वाटत नाही. पण 'बाजारू' या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख.

गटाचं नाव सॉल्ट-एन-पेपा. शेरिल जेम्स म्हणजे सॉल्ट आणि सँड्रा डेंटन म्हणजे पेपा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या या दोघी कॉलेजातल्या मैत्रिणी. पोटासाठी एका मोठ्या दुकानात काम करत होत्या. तिथलाच सहकारी हर्बी अझोर याने १९८५ साली त्यांच्याकडून पहिलं गाणं गाऊन घेतलं. पुढे डिड्रा रोपर, म्हणजे स्पिंडरेला, तबकड्या फिरवणारी डीजे म्हणून त्यांना येऊन मिळाली. रॅप म्हणजे तालावर बोललेलं गाणं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या गरीब वस्त्यांत ते जन्मलं आणि लवकरच पुरुषांचा आखाडा झालं. तिथे या पोरी उतरल्या आणि टिकल्या. १९८९ साली ग्रॅमी पुरस्कारात रॅपला पहिल्यांदा जागा मिळाली, पण तो पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही असं ठरलं. सॉल्ट-एन-पेपाला नामांकन होतं. तरी इतर काही कलावंतांबरोबर त्यांनी त्या समारंभावर बहिष्कार घातला. बहिष्कार काय असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

'व्हेरी नेसेसरी' हा त्यांचा चौथा अल्बम ऑक्टोबर १९९३ मध्ये आला. तोवर त्या या क्षेत्रात जुन्याजाणत्या झाल्या होत्या. अल्बममध्ये 'शूप' आणि 'व्हॉटा मॅन' ही ठेका धरायला लावणारी, रेडिओला आवडणारी गाणी होती. दोन्ही अमेरिकेच्या यादीत पहिल्या पाचांत गेली. अल्बमने तिथे पन्नास लाख प्रतींचा टप्पा गाठला. १९९५ साली याच अल्बममधल्या 'नन ऑफ युवर बिझनेस' या गाण्याला ग्रॅमी मिळाला. केवळ स्त्रियांच्या रॅप गटाला मिळालेला तो पहिला ग्रॅमी. त्याच वर्षी क्वीन लतिफालाही, स्त्रियांना शिव्या देणाऱ्या पुरुषांना जाब विचारणाऱ्या 'युनिटी' या गाण्यासाठी, तो मिळाला.

मग टीका झाली ती दोन्ही बाजूंनी. अस्सल रॅपचे कैवारी म्हणाले, हे रॅप नाही, हे पॉप, विकण्यासाठी गुळगुळीत केलेलं. दुसरीकडून प्रश्न आला, आखूड कपडे घालून पुरुषांच्या देहाचं कौतुक करणं ही कसली मुक्ती?

पहिली टीका आधी घेऊ. त्याच १९९३ साली स्नूप डॉगचा पहिला अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात स्त्रियांबद्दल जी भाषा आहे ती इथे लिहिण्याजोगी नाही. तोही बाजारातच विकला गेला, पण त्याचा अस्सलपणा विक्रीमुळे उणावला नाही. पुरुषाने माल विकला की तो यशस्वी आणि बाईने विकला की ती विकली गेली! आपल्या मराठीत तर हे शब्दातच मुरलेलं आहे. बाजारात बसणारा पुरुष व्यापारी असतो. 'बाजारबसवी' मात्र शिवी आहे, आणि ती फक्त बाईला. म्हणून एखाद्या स्त्रीच्या कामाला 'बाजारू' म्हणताना आपण चळवळीची भाषा बोलतो आहोत की गावच्या चावडीवरची, हे तपासावं असं मला वाटतं.

दुसरी टीका जास्त गंभीर आहे. 'शूप'मध्ये बायका पुरुषांकडे बघतात, त्यांच्या देहाबद्दल चवीने बोलतात. नजर उलटी केली म्हणजे समता आली असं मीही मानत नाही. पण आमच्या वस्तीतल्या मुलींना एवढंच शिकवलेलं असतं की आपल्याकडे कोणीतरी बघणार आहे, म्हणून ओढणी सारखी करायची. आपणही बघू शकतो, आपल्यालाही काही आवडतं आणि काही आवडत नाही, हे कळल्याशिवाय ती मुलगी 'नाही' तरी कशाच्या जोरावर म्हणणार? इच्छेचा उच्चार हा मुक्तीचा शेवट नाही, पण तिथून सुरुवात होऊ शकते.

आणि आता शिबिरात मी सांगायची राहिलेली गोष्ट. या नाचऱ्या अल्बमचा शेवट गाण्याने होत नाही. शेवटी एक छोटं नाट्य आहे, बॉस्टनमधल्या वीटॉक नावाच्या तरुणांच्या गटाने केलेलं. मुलीला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं आहे आणि ती मित्राशी त्याबद्दल बोलते आहे. बस्स, एवढंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत २५ ते ४४ या वयोगटातल्या मृत्यूंचं एड्स हे पहिल्या क्रमांकाचं कारण होतं आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना त्याची झळ फार मोठी होती. त्याआधीच या गटाने आपल्या 'लेट्स टॉक अबाउट सेक्स' या गाजलेल्या गाण्याचे शब्द बदलून एड्सबद्दलचं गाणं केलं होतं. ज्या घरात कधी आरोग्यसेविका पोचली नसेल, पत्रक पोचलं नसेल, अशा किती घरांत ते नाट्य त्या कॅसेटबरोबर गेलं असेल!

मला याचं मोल का वाटतं ते सांगते. २००७ साली मी नववीत होते. त्या वर्षी विधानसभेत गदारोळ झाला आणि महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. संस्कृती बिघडते म्हणे. आमच्या वर्गातल्या मुलींना मग माहिती मिळाली ती कुजबुजीतून, आणि तीही निम्मी चुकीची. समाजकार्याच्या एम.ए.ला असताना मी 'व्हेरी नेसेसरी' पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मनात आलं, आमच्या नववीच्या वर्गाला हे कोणीतरी ऐकवायला हवं होतं. बाजारू तर बाजारू.

मग ताईचं कुठे बरोबर आहे? बाजार बाईला बोलू देतो, पण चाव्या हातात देत नाही, इथे. 'माझं आयुष्य, तुम्हाला काय करायचंय' असं ठणकावणारं ते ग्रॅमी मिळालेलं गाणं हर्बी अझोरने लिहिलेलं आहे. गटाचा कारभारही बरीच वर्षं त्याच्याच हातात होता. हे वाचल्यावर मला आपली लावणी आठवली. रामजोशी, होनाजी अशा शाहिरांनी स्त्रीच्या मनातलं म्हणून लिहायचं, बाईने ते देह झिजवून सादर करायचं आणि बदनामी तेवढी तिच्या पदरात. पण सॉल्ट आणि पेपा तिथेच थांबल्या नाहीत. 'शूप'च्या लेखनात आणि निर्मितीत त्या स्वतः होत्या, आणि १९९७ चा पुढचा अल्बम त्यांनी अझोरला बाजूला ठेवून केला. तो पहिल्यासारखा चालला नाही. स्वातंत्र्याची किंमत बहुधा अशीच मोजावी लागते.

२०२५ साली या दोघींनी युनिव्हर्सल म्युझिक या बलाढ्य कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात, साधारण पस्तीस वर्षांनंतर दिलेले हक्क परत मागण्याची कलावंताला तरतूद आहे. तिच्या आधाराने त्यांनी आपली सुरुवातीची ध्वनिमुद्रणं मागितली. कंपनीने भूमिका घेतली की त्यांचे हक्क मुळात तुमचे कधी नव्हतेच. आणि त्याच वर्षी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्यांचा गौरव केला! हार गळ्यात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. शेतात राबणाऱ्या आपल्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

एक कडू गोष्टही लपवू नये. २०१९ साली स्पिंडरेलाला गटातून काढण्यात आलं आणि तिने या दोघींवरच पैशांच्या वाट्यावरून दावा लावला. बाई असली म्हणजे वाटा न्याय्यच होईल असं नाही. आपल्या संस्थांमध्येही प्रकल्पाच्या अहवालावर नाव कोणाचं येतं आणि वस्तीत पाय कोण झिजवतं, हे आठवून बघा.

म्हणून ताई, मला वाटतं 'हे बाजारू आहे का?' हा प्रश्न आपण सोडून द्यावा. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. बोलतंय कोण? ऐकणाऱ्या मुलीच्या हाती काय पडतंय? आणि मालकी कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांवर 'व्हेरी नेसेसरी' माझ्या मते चांगल्या गुणांनी पास होतो. तिसऱ्यावर नापास होतो, पण तो दोष गाणाऱ्या बायकांचा नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या कराराचा आहे.

'मुलगी झाली हो' १९८३ साली रस्त्यावर आलं तेव्हा आपल्या आधीच्या पिढीने गर्दीला घाबरून नाटक सभागृहात कोंडून ठेवलं नव्हतं. आज वस्तीतल्या मुलींच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर गाणी वाजतच असतात. ती बंद करा म्हणून सांगायला त्यांच्या घरचे समर्थ आहेत. आपण त्यांच्या शेजारी बसून ऐकू या, आणि गाणं संपलं की हे तीन प्रश्न विचारू या. पुढच्या शिबिरात मी तो अल्बम पुन्हा लावणार आहे, या वेळी शेवटच्या नाट्यासकट. ताई, तू जेवणानंतर थांब.