काचेतल्या बाळाला काय ऐकू येतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात, शेजारी, नात्यात कुणी सातव्या-आठव्या महिन्यात बाळंत झालं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी माझीच एक चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षात नवे वॉर्मर आले होते. त्यांचं लोकार्पण होतं. पाहुणे, कार्यकर्ते, आम्ही पत्रकार धरून पंधराएक माणसं आत शिरलो. फीत कापली, टाळ्या वाजल्या. फोटो नीट येईना म्हणून मी फ्लॅश मारला, एकदा नव्हे, चार-पाचदा. शेजारच्या वॉर्मरवर मुठीएवढं बाळ होतं, ते प्रत्येक फ्लॅशला दोन्ही हात फेकायचं. तिथल्या सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, बोलल्या काहीच नाहीत. बोलणार कशा? समोर साहेब उभे! दुसऱ्या दिवशी बातमी तीन कॉलम लागली. मी खूश.

पुढे तीन वर्षांनी माझी बहीण साडेसात महिन्यांची असताना बाळंत झाली. बाळ तेराशे ग्रॅमचं. ‘काचेत ठेवलंय’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. त्या काचेबाहेर चौतीस दिवस काढल्यावर त्याचा अर्थ कळला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. भाचा जिवंत आहे तो तिथल्या डॉक्टर-सिस्टरांमुळेच, हे आधी मान्य. पण आत चोवीस तास ट्यूबलाइट. मॉनिटरची पीं-पीं कधी थांबायची नाही. मावशी स्टीलची बादली फरशीवर आपटून ठेवायच्या, फोन मोठ्या आवाजात वाजायचे. आणि आईला आत जायची परवानगी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बाकी वेळ ती व्हरांड्यात चटई टाकून, वाटीत दूध काढून आत पाठवायची.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना पिडतोय.

पोटातल्या बाळाला साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून ऐकू यायला लागतं. पण आईचं शरीर मधे असतं, त्यामुळे कर्कश, टोकदार आवाज गाळले जातात. पोचतो तो आईचा आवाज, तिच्या काळजाची धडधड. लवकर जन्मलेल्या बाळाची ही गाळणी एका रात्रीत काढून घेतली जाते, आणि तीही नेमकी मेंदू झपाट्याने वाढण्याच्या आठवड्यांत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ सालीच सांगून ठेवलं की अशा कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आपण दोघं समोरासमोर बसून साधं बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल. आता अलार्म, सक्शन, पेटीचं झाकण खटकन लावणं याचा हिशेब तुम्हीच करा. जगभरात जिथे जिथे मोजलं, तिथे बहुतेक ठिकाणी ही मर्यादा ओलांडलेलीच सापडली. मोठा आवाज झाला की या बाळांचे ठोके बदलतात, ऑक्सिजन खाली येतो, झोप मोडते. आणि वाढ होते ती झोपेतच.

यावर काही जण म्हणतील, जीव वाचतोय ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात. त्यांना एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९४० च्या दशकात अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत लवकर जन्मलेली मुलं मोठ्या संख्येनं आंधळी व्हायला लागली. कारण सापडेना. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी बोट ठेवलं ते पेटीत सढळ हातानं सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर. पुढे अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांनी मिळून चाचणी घेतली तेव्हा ते खरं निघालं. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. दवाखाना जितका चांगला, पेटी जितकी आधुनिक, तितका धोका जास्त, असा तो उलटा प्रकार. ऑक्सिजन वाईट नव्हता, आजही तो लागतोच. किती चाललाय ते मोजत नव्हते, ही गडबड होती.

या आजाराला आरओपी म्हणतात आणि तो संपलेला नाही, आपल्याकडे अजून मुलं त्यापायी दृष्टी गमावतात. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर तीस दिवसांच्या आत पडद्याची तपासणी करून घ्या. बाळ घरी गेलेलं असलं तरी घेऊन जा. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला बाहेर काढायचं नाही, ही आपली रीत इथे बाळाच्या डोळ्यांवर उठते. आज्जींना समजवायचं काम तुमचं.

नळ्यांचंही तेच. सलाइनच्या, दूध पाजायच्या पीव्हीसीच्या नळ्या मऊ राहाव्यात म्हणून त्यात डीईएचपी नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू झिरपून बाळाच्या अंगात जातं. अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्ये दवाखान्यांना कळवलं की नवजात मुलग्यांसाठी शक्य तिथे हे रसायन नसलेल्या नळ्या वापरा. आपल्या खरेदीच्या निविदेत याचा उल्लेख असतो का, हे कुणी विचारलंय? मीही नाही विचारलं आजवर.

तर मग सगळं चिडीचूप करायचं का? इथेच मला स्वतःला धक्का बसला. अमेरिकेत सेंट लुइसला काही बाळं एकत्र वॉर्डात आणि काही शांत, स्वतंत्र खोल्यांत ठेवून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. दोन वर्षांची झाल्यावर भाषेत मागे पडली ती स्वतंत्र खोलीतली मुलं! संशोधकांचा अंदाज असा की स्वतंत्र खोलीत माणसाचा आवाज फार कमी कानावर पडत असावा. म्हणजे बाळाला नुसती शांतता पुरत नाही. अलार्म कमी आणि आई जास्त, असं ते गणित आहे.

आणि आई आत असली तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच देशातून आलाय. दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार रुग्णालयं मिळून झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवलं, आईला कक्षातच खाट दिली. महिन्याभरातले मृत्यू शंभरात सुमारे सोळा होते ते बारावर आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसच केली. याला कांगारू पद्धत म्हणतात. ती निघाली कोलंबियात, १९७८ साली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून! तिथल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा कांगारू पद्धतीनं वाढलेली मुलं कमी चंचल निघाली, शाळाही त्यांनी कमी बुडवली होती.

माझा भाचा आता सात-आठ वर्षांचा आहे. उशिरा बोलायला लागला. कुकर लावला की अजून कानावर हात ठेवतो. हे त्या चौतीस दिवसांमुळेच, असं मी म्हणणार नाही, एका मुलावरून तसं ठरवता येत नाही. पण बहीण परवा म्हणाली, ‘दादा, मला आत बसू दिलं असतं तर निदान मनात हे राहिलं नसतं.’

आता आजचं कारण. पुढच्या महिन्यात आपल्याकडे नवजात कक्षाच्या नव्या जागेचं उद्घाटन आहे. वाढीव पेट्या येतायत, आनंदच आहे. नवजात कक्ष बातमीत येतो तो एक तर फीत कापताना, नाही तर जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात दहा बाळं गेली तशी आग लागल्यावर. मधल्या रोजच्या दिवसांबद्दल आम्ही पत्रकार काही लिहीत नाही. म्हणून वैद्यकीय अधीक्षकांना आज लेखी विचारलंय: नव्या जागेत आईसाठी खाट आहे का? रात्री दिवे मंद करणार का? आवाज मोजायचं यंत्र घेतलंय का? आरओपीसाठी डोळ्यांचे डॉक्टर किती दिवसांनी येणार? आणि बाळ घरी गेल्यावर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याची ऐकण्या-बोलण्याची तपासणी होते का, त्याची नोंद कोण ठेवतं? यातल्या निम्म्या गोष्टींना वेगळा निधीही लागत नाही. बादली प्लास्टिकची घ्यायला किती पैसे लागतात?

मोबाइलच्या अ‍ॅपवर आवाज मोजून आकडा टाका, असं दोघांनी सुचवलं. तो पुरावा म्हणून मी छापणार नाही. यंत्र लावून रीतसर मोजू द्या, अशीही विनंती पत्रात केली आहे.

उद्घाटनाला जाणार आहे. काचेच्या बाहेरच थांबणार, कॅमेरा पिशवीत. तुमच्यापैकी कुणाचं बाळ असं काचेत राहिलं असेल तर आईला किती वेळ आत सोडायचे, एवढं मला मेसेजमध्ये कळवा. नावं छापणार नाही. अधीक्षकांचं उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.