मेणाचा पाय आणि तोफेचा सिंह

परंड्यात पाहुणा आला की आपण त्याला आधी किल्ल्यातल्या तोफा दाखवतो. विजापूरची मुलूखमैदान १६३२ पर्यंत इथंच होती, हेही ऐकवतो. हत्तीला जबड्यात धरलेला तिच्या तोंडावरचा सिंह ही कलाच, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. पण वांद्र्याच्या चर्चमधल्या मोत माउलीला नवसापोटी वाहायचे मेणाचे हात-पाय, बाळ, घर यांचा विषय काढा. तीच माणसं नाक मुरडतात. म्हणे साच्यातला माल, वर परका, आणि अंधश्रद्धा!

साच्यातला आहेच. तोफ काय साच्याशिवाय ओतली? मध्ययुगात इंग्लंडमधल्या कँटरबरीहून परतणारे यात्रेकरू साच्यातलेच शिसं-कथलाचे स्वस्त बिल्ले अंगावर मिरवत. थेम्सच्या गाळातून ते निघाले आणि लंडनच्या संग्रहालयात काचेआड जाऊन बसले. मेण वितळतं, म्हणून त्याला हा मान मिळत नाही, इतकंच.

परकेपणाचा आक्षेप तर अगदीच पोकळ. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. खालचं संगमरवरी काम तेवढं फ्लॉरेन्सच्या शिल्पकार फोग्गिनीचं, १६९८ साली बसवलेलं. आणि आपल्या जिल्ह्यातच पाहा ना. स्पेनमधल्या सांतियागोचा यात्रेकरू शिंपला बाळगतो, तुळजापूरचा आराधी कवड्यांची माळ घालतो. कवडी काही बालाघाटात पिकत नाही, समुद्रातूनच येते. तिला परकी म्हणायची कुणाची छाती आहे?

अंधश्रद्धेच्या मुद्द्यात मात्र दम आहे. नवसावर आपल्या संतांनीच कोरडे ओढलेत. मेणाचा पाय वाहून मोडलेलं हाड जुळत नाही. त्यासाठी दवाखानाच गाठावा. पण श्रद्धा खोटी ठरली म्हणून वस्तू मुकी होत नाही. मुलूखमैदानीवरच्या सिंहातून सुलतानाला लोकांना काय दाखवायचं होतं ते कळतं. मोत माउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचं घर विकत घेणाऱ्या बाईला काय हवं होतं, ते दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार? तिथं मेणाचं विमानही मिळतं. परदेशी नोकरीची आस कुणी दगडात कोरून ठेवलेली नाही.

मेण टिकत नसेल तर संग्रहालयांनी साचे मिळवावेत. कुठला साचा कधी आला आणि कुठला खपेनासा झाला, एवढं विक्रेत्यांना विचारून टिपायला काय हरकत आहे?