पाहुणा टोकियोत नव्हे, लोणी देवकरला जिंकावा!

जपानचा व्यावसायिक प्रवासी आता घराबाहेर पडत नाही, बैठका संगणकाच्या पडद्यावरच उरकतात. मग त्याच्या स्वागताची तयारी हवी कशाला, असा युक्तिवाद हल्ली केला जातो. आकडे वरवर या मंडळींच्या बाजूचे आहेत. २०१९ मध्ये परदेशी गेलेल्या जपानी नागरिकांची संख्या २ कोटींवर गेली होती. कोरोनानंतर २०२४ मध्येही ती १ कोटी ३० लाखांच्या आसपासच होती. येन घसरला, परदेशातील मुक्काम महागला.

निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. प्रवासी कमी झाला, याचा अर्थ तो अधिक चोखंदळ झाला. जपानी उद्योगसंस्कृतीत ‘गेम्बा’ला, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते त्या जागेला, असाधारण महत्त्व आहे. यंत्र, कामगार, रस्ता आणि पाणी डोळ्यांनी पाहूनच निर्णय घ्यावा, ही तेथील शिस्त! परिषद पडद्यावर होईल. कारखान्याची पाहणी कशी होणार? ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या जपानभेटीत दहा वर्षांत १० लाख कोटी येन गुंतवणुकीचे आणि पाच वर्षांत दोन्ही देशांतील ५ लाख लोकांच्या ये-जा करण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यांतील जपानी पाहुणे उतरणार कोठे?

येथेच राज्याच्या उद्योगखात्याला जाब विचारला पाहिजे. शिष्टमंडळे टोकियोला जातात, सामंजस्य करार होतात, छायाचित्रे झळकतात. पारनेर तालुक्यातील सुपे येथे जपानी उद्योगांसाठी क्षेत्र राखले गेले, हे योग्यच झाले. परंतु पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकरसारख्या औद्योगिक वसाहतींचे काय? पाहणी गावात आणि मुक्काम, बैठक, दुभाषा शहरात, अशी वाटणी आपल्या नियोजनात गृहीतच धरलेली असते. उजनी धरणासाठी ज्या परिसरातील गावे पाण्याखाली गेली, त्याने धूर आणि अवजड वाहतूक सोसायची आणि पाहुण्याची कमाई मात्र शहराने न्यायची, हा कोणता न्याय?

या परिसरात दाखविण्याजोगे काही नाही, असेही कोणी म्हणू नये. भिगवणच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पाणी ओसरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर वर येते. शिवाय जपानी माणसाला भारत परका नाही. नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन इ.स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते!

हवे आहे ते फार मोठे नाही. औद्योगिक वसाहतीत एक सुसज्ज सभागृह आणि स्वच्छ अतिथिगृह, वेळेवर येणारी गाडी, दिलेला शब्द पाळणारा अधिकारी. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग अनेक दशके चालू आहेत. ते इंदापूर-बारामतीच्या महाविद्यालयांत का नेले जात नाहीत? शेतकऱ्याचा मुलगा दुभाषा झाला, तर गुंतवणुकीचा पहिला लाभ गावातच राहील.

‘अतिथी देवो भव’ची पाटी विमानतळावर लावून आतिथ्य सिद्ध होत नाही. ते वसाहतीच्या फाटकाशी सिद्ध करावे लागते. पाहुणा निवडक येणार आहे. त्याने लोणी देवकर निवडावे, अशी तयारी आज करायची की पुढच्या शिष्टमंडळाच्या छायाचित्रांची वाट पाहायची, हे शासनाने आणि तालुक्याच्या नेतृत्वाने आताच ठरवावे.